कांताबाईंनी वाचलेला अहवाल

कात्रजच्या एका शाळेत कांताबाई ओव्हाळ चोवीस वर्षं सेविका होत्या. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, पहिलीतली रडकी पोरं शांत करायची. जिन्याजवळच्या खांबाचं प्लॅस्टर गळून गंजकी सळई दिसू लागली, ती आधी त्यांनाच दिसली. त्यांनी मुख्याध्यापक रविराज सरांना दाखवली. सरांनी गवंडी बोलावला, वरून सिमेंट थापलं आणि पिवळा रंग मारला.

पुढे वरून आदेश आला म्हणून एका इंजिनिअर बाईंनी इमारत तपासली. अहवाल आला आणि कपाटात गेला. आठ महिन्यांनी ऑफिस आवरताना तो कांताबाईंच्या हाती लागला. त्या दहावी शिकलेल्या; उभ्याउभ्याच वाचला. 'नंतर चढवलेल्या मजल्याचा भार जुने खांब पेलू शकत नाहीत. मध्यम भूकंपातही इमारत कोसळू शकते. खांब मजबूत होईपर्यंत वरचे वर्ग बंद ठेवावेत.'

डोक्यावर तेव्हा पाच वर्ग भरलेले होते. कांताबाईंनी अहवाल घडी घालून आपल्या पिशवीत ठेवला.

शनिवारी पालकसभा होती, स्नेहसंमेलनाची. कांताबाईंनी चहाचा ट्रे ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"सर, अहवालाचं काय झालं?"

"कांताबाई, आपण चहाचं बघा."

"चहाचं बघितलं. आता खांबांचं बघू."

त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि खणखणीत आवाजात वरच्या तारखेपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"आठ महिने?" अक्षता नावाची एक आई ताडकन उठली. "माझी मुलगी वरच बसते!"

"अहो, पुण्यात कुठे एवढे भूकंप होतात?" सर चाचरत म्हणाले.

"मग काय, झाल्यावर खांब बांधणार?" कांताबाईंनी विचारलं.

सोमवारपासून वरचे वर्ग दुपारी खाली भरू लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत खांब सोलले, भोवती नव्या सळया बांधल्या, काँक्रीटचं जाड आवरण चढवलं.

कांताबाईंना मात्र नोटीस मिळाली: गोपनीय कागद हाताळल्याबद्दल खुलासा करा. पोरांच्या जिवावर बेतलेलं, आणि म्हणे गोपनीय! त्यांनी लिहून दिलं, 'वाचता येतं, म्हणून वाचला. ज्यांचं ते काम होतं, त्यांनी का वाचला नाही, ते कळवावे.'

उत्तर आलं नाही, बदली आली. संस्थेच्या वाघोलीच्या शाळेत. आता रोज दोन बस बदलाव्या लागतात. पहिल्याच दिवशी सही करताना त्यांनी तिथल्या मुख्याध्यापिकेला विचारलं, "मॅडम, ही इमारत कधीची? तपासलीय का कुणी?"