कप्तानाले बहीण होती

अवो, चांगली संपलेली गोष्ट होती. अंतराळातल्या त्या कप्तानाचे तीन सिनेमे आले, तो लढला, मेला, आम्ही रडलो, झालं. आता इतक्या वर्षांनी या लोकाइले आठवलं की त्याच्या जवानीची सिरीज काढाची राह्यलीच. कायले? मांगतली होती कोणी?

सारं समजावून सांगून राह्यले. टोपी कुठून आली, त्याचा एक अख्खा भाग. गालावरची ती खूण लढाईतली नाहीच, दाढी करताना कापलं होतं म्हणे. बोंबला! जुन्या सिनेमात हा माणूस जिंदगीत पहिल्यांदा समुद्र पाहून येड्यासारखा उभा राह्यते. सिरीजमधी तोच जवानीत समुद्रावर होड्या हाकते. मंग तेव्हा काय नाटक करत होता? लेकहो, सिरीज काढाच्या आधी आपलाच सिनेमा एकदा पाहून त घ्याचा.

पण माह्या रागाचं खरं कारण पुसदले आहे. तिथं बापाची पिठाची चक्की होती. केबलवाला रविवारी दुपारी तो पहिला सिनेमा हिंदीत लावे, अन् आमची विजेची लाईन नेमकी तेव्हाच गेलेली असे. लाईन येईपर्यंत कप्तान घर सोडून आभाळात पोचलेला. सुरुवात मले ताई सांगे. तिनंही पाह्यली नव्हती, पण सांगे अशी, जशी काही शेजारच्या घरी घडली. कप्तानाले एक मोठी बहीण होती म्हणे. बाप आजारी, शेती कोण पाह्यन? ती म्हणाली, तू जाय, मी आहो इथं. अन् तिनं त्याले डबा बांधून देल्ला.

बापाच्या कमरेनं जवाब देल्ला तशी ताई दहावीनंतर चक्कीवर बसली. मी अमरावतीले होस्टेलात राहून शिकली. ती अजून तिथंच आहे, चक्की तीच चालवते.

पुढं मी तो सिनेमा एकदाचा सुरुवातीपासून पाह्यला. बहीण दिसत नाही. पण कप्तान निघते तेव्हा दारातून कोणाचा तरी हात त्याले डबा देते. नुसता हात, हातमोजा घातलेला. मी लगेच फोन केला, "ताई, आहे तू सांगे ती बहीण!" केवढी खुश झाली ती.

म्हणून सिरीज आल्याबरोबर तिचा फोन आला. "माह्या मोबाईलवर ते ॲप नाही. पाहून सांगजो वं, तिचं पुढं काय झालं."

इथं लोहाऱ्यात माह्या घरी बसून मी सारे भाग पाह्यले. शेवटच्या भागात तो हात आला. यंत्रमानवाचा! कप्तान म्हणे एकुलता एक, घरात हा एक लोखंडी नोकर. बहिणीच्या जागी डबडं उभं केलं मेल्याइनं! रडूच आलं मले.

ताईले फोन लावला अन् पहिले सिरीजले पोटभर शिव्या घातल्या. टोपी, दाढी, समुद्र, काही सोडलं नाही. तिनं चक्की बंद करून सारं ऐकून घेतलं.

"ते जाऊ दे," ती म्हणाली. "बहिणीचं सांग."

"बहीणच नाही ताई त्याले. त्याच्यासाठी घरी कोणी थांबलंच नाही."



"बरं झालं बाप्पा," ताई म्हणाली. "सुटली बिचारी. शिकली असन कुठंतरी."