गुडघ्याची वरात

दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्याला मी दापोड्याच्या आमच्या अंगणात, सगळ्या भाऊबंदांसमोर घोषणा केली, की आजपासून डिझेलच्या गाडीत पाय ठेवणार नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा त्याच्या टेम्पोला झेंडूचा हार घालत होता. मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे सणासुदीलाही मला भाषण आवरत नाही. गोदामांनी गाव वेढलंय, ट्रकच्या धुराने तुळशीची पानं करडी झालीत, हे सगळं मी ऐकवलं. दादाने हाराची गाठ मारली. आई तेवढी म्हणाली, "पाय बरं हायत तवर ठीक हाय."

पुढे आठ-नऊ महिने मी सायकलने शाळेत गेलो आणि, खरं सांगतो, तितके दिवस टेम्पोवाल्यांकडे नाक वर करून पाहिलं. मग ऐन पावसाळ्यात एका खड्ड्यात सायकलसकट पडलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी ॲम्ब्युलन्सने आणलं. ती कशावर चालते हे मी मुद्दाम विचारलं नाही.

गुडघा काही वाकेना. शेजारच्या मानकोलीच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, "आत्ता वाकला नाही, तर कायमचा असाच राहील." मी घाबरलो. शाळेचे जिने, सायकल, मांडी घालून पंगतीत बसणं, सगळंच जाणार होतं. उपचार चुकवून चालणार नव्हतं. पण जायचं कसं? रिक्षात पाय मावेना. एकदा तसाच बसलो, तर पाय बाहेर आणि समोरून येणारे मोटरसायकलवाले पायाला वळसा घालून जाऊ लागले. दादा रोज म्हणायचा, "टेम्पो उभा हाय." मी रोज म्हणायचो, "शब्द दिलाय." या शब्दापायी माझ्या दोन खेपा बुडाल्या. शेवटी मी बॅटरीवर चालणारी तीनचाकी खुर्ची मागवली. ती आली नेमकी दसऱ्याला.

आईच्या लेखी चाकं असली की ती गाडी. तिने खुर्चीला हळदकुंकू लावलं, हार घातला, पुढे नारळ फोडला आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बसलेला ऱ्हा." मग कुंकू मलाही लागलं. दादाने गंभीरपणे विचारलं, "एवरेज किती देते?"

टेम्पोने त्याचं लिंबू चिरडलं, त्याला कळलंही नाही. माझी खुर्ची मात्र लिंबाला जाऊन भिडली आणि नुसती घुरघुरत राहिली. तीन चुलतभावांनी मागून ढकलली, तेव्हा कुठे लिंबू फुटलं. टाळ्या पडल्या. मी हसलो, पण मनातून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मानकोलीला निघालो. कंटेनरच्या त्या रस्त्यावर मला एकटा सोडायला दादा तयार नव्हता. तो टेम्पो घेऊन मागे, पहिल्या गिअरमध्ये. टेम्पोच्या मागे कंटेनर, कंटेनरच्या मागे रिक्षा, आणि सगळ्यांचे हॉर्न. माझ्या बिनधुराच्या गाडीपायी रस्ताभर धूर कोंडला. हार अजून खुर्चीवरच होता. एका ट्रकवाल्याने डोकं बाहेर काढून दादाला विचारलं, "बारात है क्या?"

दादा म्हणाला, "नहीं, घुटना है."

अर्ध्या वाटेत खुर्ची बंद पडली. आईने पूजेसाठी चार्जिंगची वायर काढून तिथे निरांजन ठेवलं होतं, हे नंतर कळलं. दादा खाली उतरला. "बसतोस का?"

मी विचारलं, "बसतो, पण टेम्पो बंद करून ढकलता येईल का?"

 तो हळूच म्हणाला, "शब्द ऱ्हाव दे. पाय जायल ना रं तुझा." त्याने टेम्पोचं दार उघडून धरलं. मला स्वतःची लाज वाटली. मी टेम्पोकडे वळलो. पायरी चांगलीच उंच होती. आधी चांगला पाय टाकायचा असतो, ते गडबडीत विसरलो आणि दुखरा टाकला. दादाने मागून उचलून धरलं. मी बोंब मारली आणि आत पोचलो.

बाईंनी गुडघा तपासला, पुन्हा तपासला. "आज बराच वाकतोय. केलंत काय?"

"टेम्पोत चढलो."

"रोज चढा," त्या म्हणाल्या. "पण कुणीतरी धरलं पाहिजे."

तेव्हापासून रोज सकाळी मी अंगणातल्या बंद टेम्पोत दहा वेळा चढतो, दहा वेळा उतरतो. चावी घरात खिळ्याला असते. गुडघा आता इतका वाकतो, की मानकोलीला मी गॅसच्या रिक्षाने जातो. येणारे-जाणारे विचारतात, "मास्तर, कुठं निघालात?" मी म्हणतो, "कुठंच नाही." दादा गाडीवर जायच्या आधी माझ्या पाठीला हात लावून उभा राहतो आणि माझे दहा पुरे झाल्याशिवाय टेम्पो सुरू करत नाही.