आईचा गुडघा

आईचा गुडघा दुखायला लागला तेव्हा वाशीच्या खाडीवर पूल होऊन काही वर्षं लोटली होती, पण दुखण्यापायी पुलापलीकडे, मुंबईला जायची वेळ आमच्यावर अजून आली नव्हती. आमचं गाव कोपरखैरण्याजवळ, खाडीच्या काठाला. शेतं सरकारने शहरासाठी घेतली, मिठागरं ओस पडत गेली, आणि मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून म्हणून चिकटलो. वडील मी शाळेत असतानाच गेले होते. घरात आई, मी आणि धाकटी बहीण.

आईचं अर्धं आयुष्य मिठाच्या टोपल्या वाहण्यात गेलेलं, उरलेलं भाताच्या लावणीत. त्यामुळे गुडघा दुखतो म्हटल्यावर कोणाला नवल वाटलं नाही. गावातल्या निम्म्या बायका गुडघे धरूनच उठत. मीही म्हटलं, तेल लाव, बरं वाटेल. तिने तेल लावलं. बरं काही वाटलं नाही.

आई धवलारीण होती. हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अडलेलं आहे. माझ्या लहानपणी आमच्या आगरी लोकांत लग्न भटजी लावत नसे, धवलारीण लावायची. मांडव घातल्यापासून नवरी निघेपर्यंत ती धवळे, म्हणजे लग्नविधीची गाणी, गायची, देवांना नावं घेऊन बोलवायची, हळद कोणी आधी लावायची ते सांगायची. हे सगळं जमिनीवर मांडी घालून, नवरीच्या शेजारी, तासन् तास. खुर्चीवर बसून किंवा उभ्याने धवळे म्हणायचे नसतात. का, ते मी आईला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "देवाला काय वरनं हाक मारतान?" तिच्या दृष्टीने विषय संपला.

पाय दुखायला लागल्यावर एक गोष्ट झाली, ती आमच्या ध्यानात जरा उशिरा आली. आई लग्नांना नाही म्हणायला लागली. कोणी बोलवायला आलं की म्हणे, घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी तोच घसा कोळणीशी भाव करताना चांगला खणखणीत असे. मला याचा अर्थ लागेना. बाजारात चालत जाते, विहिरीवर जाते, आणि ज्या मांडवात तिचा एवढा मान, तिथे मात्र जात नाही. मी चिडायचो. तिला म्हणायचो, "आये, तुझा गुडघा माणसं बघून दुखतो का?" ती पदराने तोंड पुसायची आणि चुलीकडे वळायची.

आधी गावातल्या हाडवैदाकडे नेलं. तो आमच्या लांबच्या नात्यातला, हाताने खंबीर आणि तोंडाने त्याहून खंबीर. त्याने गुडघा दाबला, वळवला, पाला वाटून बांधला. पंधरवडाभर काही फरक पडेना, तेव्हा वात मुरलाय म्हणत त्याने तापलेल्या सळईने गुडघ्यावर दोन डाग दिले. आईने हूं की चूं केलं नाही. डाग पिकले, सुकले, त्याचे दोन गोल वण राहिले. दुखणं होतं तिथेच होतं.

मग वाशीला एक नवीन दवाखाना निघाला होता, तिथे गेलो. डॉक्टर तरुण, हाडांचा, बोलायला गोड. आई टेबलावर बसली, त्याने खुर्ची पुढे ओढली, गुडघा हातात घेतला, फोटो काढायला सांगितला. फोटो आला तेव्हा त्याने तो उजेडाला धरला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या वयाला असा गुडघा मी पाहिला नाही. एकदम मस्त आहे." मला काय वाटावं तेच कळेना. आनंद मानावा तर आई दवाखान्याच्या पायऱ्या एकेक करून उतरत होती. घरी आल्यावर मी स्वतः तो फोटो खिडकीत धरून पाहिला, जणू मला त्यातलं काही कळणार होतं. पांढरी हाडं, मधे फट. बहिणीने विचारलं, "फट हाय ना? मंग तेच असंल." मी म्हटलं, फट असायलाच हवी असं डॉक्टर म्हणाला. ती म्हणाली, "मंग दुकतं काय?"

हेच मी डॉक्टरला जाऊन विचारलं. त्याने गोळ्या दिल्या, गुडघ्यात इंजेक्शन दिलं, शेक घ्यायला बोलावलं. दुसरा एक डॉक्टर, ठाण्याचा, म्हणाला की नवरा लवकर गेला, जमीन गेली, अशा बायकांचं दुखणं कधीकधी मनात असतं. मी हे आईला सांगितलं नाही, पण माझ्या मनात ते राहिलं. रात्रपाळी करून आलो की मी अंगणात बसून तिला चालताना बघायचो. दुखत असेल तर रोज सारखं का दुखत नाही? गुडघा दुखतो तर ती सगळ्या अंगाने उजवीकडे का झुकते? कारखान्यात तर जो तो वैद्य. कोणी म्हणे संधिवात, कोणी म्हणे नस, कोणी म्हणे कोणाची तरी नजर. मी सगळ्यांचं ऐकायचो आणि जास्तच गोंधळायचो.

आणि अशात बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा नेरूळकडचा, आपल्यातलाच, घरची माणसं बांधकामाच्या धंद्यात शिरलेली. त्यांनी सांगितलं, लग्न हॉलमध्ये, भटजी आमचा. आईने मान डोलावली. बहीण मात्र अडून बसली. लग्न कोणीही लावा, पण आदल्या दिवशीची हळद आपल्या अंगणात, आणि ती आयेनेच लावायची, आयेच्याच धवळ्यांनी.

आई म्हणाली, "दुसरी धवलारीन बोलवू."

"का?"

"माजा घसा बसलाय."

बहीण तिथेच रडायला लागली. गावातल्या किती पोरींची हळद हिने लावली आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी घसा बसतो, हे तिला सोसेना. तिच्याजवळ बसावं म्हणून आई खाली वाकली, पण वाकता वाकताच थांबली आणि भिंतीला हात लावून पुन्हा सरळ झाली. मी पाहिलं. हल्ली ती आमच्या मागून, चुलीपाशी उभ्यानेच जेवते, हेही तेव्हा आठवलं. मला पहिल्यांदाच भीती वाटली. लग्न पुढच्या उन्हाळ्यात होतं. मी ठरवलं, पुलापलीकडे जायचं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातला डॉक्टर वयस्क होता, केस पांढरे, कपाळावर आठ्या. आमच्या हातात कागद आणि फोटो होते, त्याने ते बघितलेच नाहीत. आईला विचारलं, "मावशी, पायाची नखं कोण कापतं तुमच्या?"

मला वाटलं, चुकीच्या खोलीत आलो. हाडाचा इलाज करायला आलो आणि हा नखांचं विचारतोय. आई माझ्याकडे बघू लागली. म्हणाली, "पोरगी कापते. उजव्या पायाची."

"आणि डाव्या पायाची?"

"ती मी कापते."

मग त्याने तिला झोपवलं, गुडघा दुमडून पाय आतल्या बाजूला वळवला. आईने खाटेची कड धरली ती बोटं पांढरी पडेपर्यंत. सळईच्या डागाला जिने हूं केलं नव्हतं ती. डॉक्टर थांबला. मला म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर जा." आणि नर्सबाईंना आत बोलावलं.

मी बाहेर बाकावर बसलो. दार लोटलेलं, आत काय चाललंय कळेना. नर्सबाईंचा आवाज ऐकू येई, आईचा नाही. माझ्या आईच्या दुखण्यात माझ्यासमोर बोलता येणार नाही असं काय असेल, याच्या नाही नाही त्या कल्पना मी केल्या. आपल्याला कोणी तरी फसवत होतं आणि ते माणूस आपल्याच घरातलं होतं, असंही एकदा वाटून गेलं, आणि लगेच स्वतःचा राग आला.

आणखी एक फोटो काढून झाल्यावर डॉक्टरने मला आत बोलावून सांगितलं. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. खुब्यातला हाडाचा गोळा झिजून चपटा झाला होता. दुखायचं जांघेत आणि तिथून खाली गुडघ्यात. म्हणूनच उजव्या पायाच्या नखांपर्यंत तिचा हात पोचत नव्हता. तो म्हणाला, "घराची बेल कशी असते? बटण दाराला, वाजते आत. वाजते तिथे शोधत बसलात तर सापडेल का?" मग म्हणाला, "तुमच्या आईला गुडघाही खरंच दुखत होता. खोटं बोलल्या नाहीत त्या. फक्त अर्धंच सांगितलं."

उरलेलं अर्धं का नाही सांगितलं हे मला विचारावं लागलं नाही. प्रत्येक वेळी, प्रत्येक दवाखान्यात, तिच्या शेजारी मी उभा होतो. तरणाताठा मुलगा. आणि समोर पुरुष डॉक्टर. जांघेत दुखतं हे ती मेली असती तरी आमच्यापुढे बोलली नसती. आमच्या बायकांचं लुगडं कासोटा मारून गुडघ्याच्या वरच राहतं. गुडघा हा आमच्यात लपवायचा अवयव नाही. त्यामुळे तिला जेवढं दाखवता येत होतं तेवढं तिने दाखवलं, आणि जेवढं दिसत होतं तेवढंच सगळ्यांनी पाहिलं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण आम्ही आईच्या पायावर अक्षरशः खरी करून दाखवली होती.

इथे गोंधळ संपायला हवा होता, पण दुसराच सुरू झाला. डॉक्टर म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक, नवीन निघालेला धातूचा सांधा बसवायचा. दुखणं जाईल, चाल सरळ होईल, काठी लागणार नाही. पण जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जन्मभर. बसलं तर सांधा निखळेल. दुसरा, खराब झालेला गोळा काढूनच टाकायचा, जागी काही बसवायचं नाही. दुखणं बरंचसं जाईल. पाय आखूड होईल, लंगडावं लागेल, काठी सुटणार नाही.

मी विचारायच्या आधी आईने विचारलं. "दुसऱ्यात मना खाली बसाला येल का?"

"येईल."

"मांडी घालून?"

"घालता येईल, मावशी. पण चालणं..."

"मंग तेच करा."

मी घरी येईपर्यंत बसमध्ये तिच्याशी भांडलो. शहाणी माणसं सरळ चालण्यासाठी तडफडतात आणि ही आपणहून लंगडेपण मागते. एका हळदीसाठी? तेही अशा काळात, जेव्हा धवलारणीला बोलवणारी घरं कमी होत चालली होती आणि मांडवामांडवात लाउडस्पीकरचे कर्णे वाजू लागले होते. मी म्हटलं, "बाकीचा जन्म काठी घेऊन काढशील." ती खिडकीबाहेर खाडी बघत होती. म्हणाली, "चालून मना जायचाय कुठं?"

मी पुन्हा डॉक्टरकडे एकटा गेलो. तुम्हीच समजवा म्हटलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं की तुमच्या घरात खुर्च्या किती आहेत. एकही नव्हती. आम्ही जेवायचो खाली, झोपायचो खाली, संडासला बसायचो खाली. "मग सरळ चालत येऊन त्या करतील काय?" तो म्हणाला, आणि मग लगेच म्हणाला, "मलाही नक्की सांगता येत नाही. मी त्यांच्या जागी नाही." एवढा मोठा डॉक्टर असं म्हणतो म्हटल्यावर मी कोणाकडे बघायचं?

शेवटी तिच्या मनासारखं झालं. ऑपरेशननंतर बरेच दिवस तिच्या पायाला वजन बांधून ठेवलं होतं. ते सोडल्यावर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा तिचं एक पाऊल जमिनीला टेकेना. मी तोंड फिरवलं. मला रडू आलं, आणि ते दुःखाचं होतं की रागाचं हे तेव्हाही सांगता आलं नसतं.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव घातला. मांडववाल्याने लोखंडी खुर्च्या आणल्या होत्या, आणि आई काठी टेकत आली तेव्हा मुलाकडच्या एका पाहुण्याने मोठ्या आदराने तिच्यासाठी एक पुढे सरकवली. तिने खुर्चीला काठीने बाजूला केलं. डावा पाय आधी वाकवला, काठीवर भार दिला, हळूहळू खाली आली, आणि उजवा पाय हाताने उचलून मांडीखाली घेतला. पाय आला. बहिणीच्या शेजारी तिची मांडी बसली तशी तिच्या तोंडावरचा इतक्या दिवसांचा ताण सुटलेला मी पाहिला. कर्णा बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी तरी तो बंद केला.

ती गायला लागली. घसा काही बसलेला नव्हता. बहीण खाली मान घालून हळद लावून घेत होती आणि तिच्या गालावरची हळद ओली होत होती. मी मांडवाच्या खांबाला धरून उभा होतो. या बाईने बरोबर केलं की चूक, मला कळत नव्हतं. त्यानंतरही तिला काठी घेऊन पायऱ्या चढताना बघितलं की वाटायचं चूक, आणि जेवताना मांडी घालून पानावर बसलेली बघितली की वाटायचं बरोबर. पण त्या संध्याकाळी मी तो विचार करायचं सोडून दिलं आणि ऐकत राहिलो.

धवळे संपले. उठायला तिला आधार लागणार होता. बायका पुढे झाल्या, पण तिने मला हाक मारली. मी वाकलो आणि सवयीने एक हात तिच्या दंडाला आणि एक, जपून, गुडघ्याला लावला, त्या दोन वणांवर.

"गुडग्याला काय धरतस रं?" ती भर मांडवात, व्याही-विहिणींसमोर, गायच्याच आवाजात म्हणाली. "त्याला कदी काय झालाच नवता. वर धर, खुब्याला."

बायका हसल्या. मी तिला खुब्याला धरून उचललं.