साडूंनी खिंडीतून काढलेली व्हॅन

१९५७ सालच्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, पिंपरीच्या एका कारखान्यातले आम्ही सात जण भाड्याच्या मोठ्या व्हॅनमधून म्युनिकहून जेनोव्हाकडे निघालो. गाडी माझे साडू चालवत होते. चाकणचा कांदा खंडाळ्याच्या घाटातून मुंबईला पोचवलेल्या माणसाला पृथ्वीवरचा कोणताही रस्ता परका नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते बदलावं असा रस्ता त्यांना आयुष्यात भेटला नाही.

कारखान्याच्या यंत्रदुरुस्ती खात्यात लागण्यापूर्वी त्यांनी नऊ वर्षं ट्रक चालवला होता. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ते कांद्याच्या गोणीत मोजत. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आम्ही म्युनिकला गेलो तेव्हा पहिल्याच रविवारी आम्हाला तिथलं मोठं चर्च दाखवण्यात आलं. साडू बराच वेळ छताकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पाच हजार गोणी आरामात. फकस्त वारं खेळायला खिडक्या उघडाव्या लागतील." माणसंही या मापातून सुटत नसत. आमच्या तुकडीचे प्रमुख इंजिनिअर साहेब पुण्याचे, अंगाने किरकोळ. त्यांना साडूंनी पाऊण गोणी ठरवलं होतं. साहेब एकदा चिडून म्हणाले, "अहो, माझं वजन साठ किलो आहे, म्हणजे पुरी एक गोणी!" साडू शांतपणे म्हणाले, "आसंल. मग गोणी सैल भरलीया."

व्हॅन घेण्याचं कारण असं. इटलीत रेल्वेचा संप होण्याची चिन्हं होती आणि आमची बोट शनिवारी दुपारी जेनोव्हाहून सुटणार होती. पुढची बोट तीन आठवड्यांनी होती. बाकी सहा जणांना तीन आठवडे म्हणजे तीन आठवडेच होते. साडूंचं तसं नव्हतं. आम्ही निघाल्यानंतर रहाटणीला त्यांना मुलगी झाली होती. ती आता साडेतीन महिन्यांची होती आणि त्यांनी तिला पाहिलेलं नव्हतं. माझ्या मेहुणीने ते येईपर्यंत बारसं अडवून धरलं होतं. साडूंच्या आईंनी मात्र पत्र लिहवून घेतलं होतं, ते साडूंनी मला तीनदा वाचायला लावलं : "मार्गशीर्ष सरेपर्यंत थांबते. पौष लागला की न्हाई थांबायची. तू आलास तर तू, न्हाईतर तुझा फोटो पाळण्याशी मांडून नाव ठिवू." शनिवारची बोट चुकली तर पौष लागत होता.

"साडूभाऊ," पत्राची घडी घालत ते मला म्हणाले, "फोटोला काय कळतंय पोरगी कशी हाय ते?"

गाडीवर त्यांचे नियम चालले. जड माणसं मागच्या बाकावर, हलकी मधे, ट्रंका दोन्ही बाजूंना सारख्या. गाडी चालवणारा इथे डावीकडे बसतो हे त्यांनी एका वाक्यात मान्य केलं. क्लीनरशिवाय गाडी हलत नाही, हे मात्र त्यांनी गाडीच्या जर्मन मालकाला मान्य करायला लावलं. क्लीनर म्हणून त्यांनी आमच्यातल्या बीडकडच्या शिंद्यांची नेमणूक केली. शिंदे मुळात इलेक्ट्रिशियन, पण हौशी. काम एकच : खाली उतरून मागचंपुढचं बघायचं आणि पत्र्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे चल. "थाप ऐकली की मी मान वळवून बघत न्हाई," साडूंनी बजावलं. "क्लीनरवर इश्वास न्हाई त्यानं गाडी चालवू नये."

दुपारी ऑस्ट्रियात चढ लागला आणि साडूंनी गाडी कडेला घेतली. घाटाच्या मध्यावर इंजिनाला पाणी पाजायचं, हा खंडाळ्याचा शिरस्ता होता. शिंद्यांनी मागच्या चाकाला दगड लावला. साडू डबा भरून पुढे गेले आणि त्यांना आढळलं की पुढे इंजिन नाही. ते मागे गेले. इंजिन सापडलं, पण पाणी घालायला जागा नव्हती. ते हवेवर थंड होतं. साहेबांनी दहा मिनिटं शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं. साडूंनी ते ऐकून घेतलं, आणि तरीही वीस मिनिटं गाडी उभी ठेवली.

"साहेब, त्याला पानी लागत न्हाई, कबूल. पर दम तर लागत आसंल?"

"मालक, बोट जाईल ना हो!" शिंदे म्हणाले.

"इंजिन बसलं तर आपण तरी पोचतो का?"

इटलीच्या सरहद्दीवर, ब्रेनरच्या खिंडीत आम्ही संध्याकाळी चार वाजून पाच मिनिटांनी पोचलो. बर्फ भुरभुरत होतं. आदल्या सरहद्दीवर शिपायाने लांबूनच हात हलवून जाऊ दिलं होतं. इथल्या इटालियन अधिकाऱ्याला कागद बघायचे होते. तो मागून आला आणि सगळ्यांनी उतरावं म्हणून त्याने गाडीच्या पत्र्यावर हाताने दोनदा थापटलं.

साडूंनी गाडी काढली. क्लीनर शिंदे त्या वेळी साडूंच्या शेजारी बसून सफरचंद खात होते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. सव्वा किलोमीटरवर मोटारसायकलवाल्या दोन शिपायांनी आम्हाला गाठलं आणि परत नेलं. सातही पासपोर्ट टेबलाच्या खणात गेले. अधिकाऱ्याला जर्मन येत होतं आणि साहेबांनाही. दोन थापा म्हणजे आमच्याकडे 'चला' असतं, हे साहेबांनी चार प्रकारे सांगितलं. अधिकाऱ्याचा चौथ्याही प्रकाराने विश्वास बसला नाही. पळून जाण्याचा प्रयत्न, असं तो म्हणाला. वरचे साहेब आता शनिवारी सकाळी येतील, मग बघू. तोपर्यंत थांबणं म्हणजे बोट जाणं, हा हिशेब साहेबांनी मराठीत मांडला.

साडू उठले. "ह्यास्नी म्हणावं, बाहेर चला. दावतो."

अधिकारी का उठला, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन शिपाई गाडीच्या पुढे उभे करून त्याने साडूंना चालकाच्या जागी बसू दिलं आणि स्वतः मागे जाऊन दोनदा थाप मारली. गाडी पुढे सरकली. एकदा मारली. थांबली. साडूंनी एकदाही मान वळवली नाही. अधिकाऱ्याने हा प्रयोग सहा वेळा केला. सातव्या वेळी आतून आणखी एक अधिकारी आला आणि त्यानेही थाप मारून बघितली. मग दोघे आपसात काही बोलले, आणि पहिल्याने जर्मनमध्ये विचारलं की एवढी घाई कसली आहे.

"पोरीचं बारसं हाय म्हणावं," साडू खिडकीतून म्हणाले.

साहेबांनी सांगितलं. अधिकाऱ्याने मुलीचं नाव विचारलं.

"नाव कुठलं? त्येच तर ठेवायला निघालोय की!"

साहेबांनी हेही भाषांतर करून सांगितलं. पाच वाजून पन्नास मिनिटांनी पासपोर्टांवर शिक्के पडले.

रात्र बोल्झानोत काढून शुक्रवारचा पूर्ण दिवस आम्ही प्रवासात घालवला. शनिवारी सकाळी दहा वाजता जेनोव्हाच्या एका गॅरेजात गाडी जमा केली. तिच्यावर एकही ओरखडा नव्हता. किल्ली देण्यापूर्वी साडूंनी पुढच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावला. बोट वेळेवर सुटली. मुंबईपर्यंतच्या प्रवासात ते समुद्राविषयी एवढंच म्हणाले की ह्याच्यात गोण्या मोजता येत नाहीत.

मार्गशीर्ष संपायला सहा दिवस असताना, रविवारी रहाटणीला बारसं झालं. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं : शालन. साडू पाळण्याच्या उजव्या बाजूला उभे होते. त्यांनी हात पुढे केले तेव्हा मुलगी रडली. साडूंच्या आईंनी तिला परत घेतलं. सोमवारी आणि मंगळवारी तेच झालं. साडू कामावर जाऊन येत, हातपाय धुऊन ओट्यावर बसत आणि ती जिथे असेल तिकडे बघत राहत.

त्या गुरुवारी कारखान्याला सुट्टी होती. मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. शालन त्यांच्या खांद्यावर झोपली होती. मला बघून ते उठले नाहीत, बोललेही नाहीत. त्यांनी नजरेनेच मला समोर बसायला सांगितलं. मी तासाभराने निघालो. तोपर्यंत त्यांनी बैठक बदलली नव्हती.