पाऊण तास

हातात पुस्तक घेऊन बसले की घरच्यांना मी मोकळी दिसते. भाजी निवडत असले तर कोणी हाक मारत नाही, इस्त्री करत असले तरी नाही. पुस्तक उघडलं की मात्र गॅसचा नंबर लावायचा राहिलाय हे नवऱ्याला आठवतं, मुलीला तिचा पांढरा कुर्ता आठवतो आणि सासूबाईंना तहान लागते. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पण वर्षानुवर्षं हे असंच चाललं आणि वाचनालयातून आणलेली पुस्तकं मी न वाचता परत करत आले. तिसऱ्या पानावर घातलेली खूण तिसऱ्याच पानावर परत जायची.

माहेरी गिरगावात मी वाचणारी मुलगी म्हणून ओळखली जायचे. चाळीच्या जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर माझी जागा होती. येणारेजाणारे शिव्या न देता मला ओलांडून जायचे. लग्न होऊन लालबागला आले, रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या नावाची बाई साडेपाचला उठून डबे करायला लागली. जुन्या नावाने हाक मारणारी माणसं एकेक करून गेली. आता मला त्या नावाने ओळखणारं कोणी उरलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी मी घरात एक खोटं बोलले. ऑफिसची वेळ बदलली, आता सुटायला सव्वासहा होतात, असं रात्रीचं ताट वाढता वाढता सांगितलं. वेळ बिळ काही बदलली नव्हती. साडेपाचला सुटायचं आणि बस धरून सहाला घरी यायचं, तसंच होतं. नवऱ्याने "बरं" म्हटलं आणि आमटी मागितली. मला वाटलं होतं, निदान एक प्रश्न तरी विचारेल.

तेव्हापासून रोज साडेपाचला सुटून मी दादरच्या एका जुन्या वाचनालयात जात होते, ऑफिसला लागूनच होतं ते. काउंटरवर पिशवी आणि मोबाईल ठेवायचा, लाकडी बिल्ला घ्यायचा आणि आत जायचं. मोबाईल बंद करूनच द्यायचा, हा तिथला नियम. आत स्पर्धा परीक्षावाल्या मुलामुलींनी टेबलं अडवलेली असायची आणि वर्तमानपत्रांच्या बाजूला निवृत्त मंडळी बसल्या बसल्या घोरत असायची. खिडकीपाशी पंखा न लागणारी एक खुर्ची होती, ती कोणाला नको असायची. तिथे बसून मी पाऊण तास वाचायचे. पाऊण तासात पंचवीस पानं होतात, कंटाळवाणं असेल तर अठरा. पावणेसातला मी घरात.

आता हा पाऊण तास कोणाचा होता ते सांगते. सासूबाईंना गुडघ्यांमुळे आधाराशिवाय चालता येत नव्हतं. त्यांच्यासाठी ठेवलेल्या मावशी सहाला जायच्या, त्यांची पुढची बस असायची. नवरा आणि मुलगी माझ्याही नंतर यायची. म्हणजे सहा ते पावणेसात एक ब्याऐंशी वर्षांची बाई चौदाव्या मजल्यावर एकटी असायची. चाळ होती तेव्हा त्या दिवसभर उघड्या दारात बसायच्या, आल्यागेल्याची चौकशी करायच्या. चाळ पाडून बिल्डिंग झाली, आणि बिल्डिंगमध्ये दारं लावून घेण्याची पद्धत आहे. मला हे सगळं कळत होतं. पाऊण तासाने काय होतंय, असं मी स्वतःला सांगायचे.

त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, सही तेवढी शिकल्या होत्या. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडत नसत. "तां सगळा खोटा असता," म्हणायच्या. त्यांना खऱ्या माणसांचं खरं हवं असायचं. मी दार उघडून चपला काढेपर्यंत प्रश्न यायचाच, "इलंस गे? आज काय झाला हापिसात?"

ऑफिसात काय होणार? फायली. एकदा मी अशीच दमून आले होते, डोक्यात नुकतं वाचलेलं घोळत होतं. मी हजारभर पानांची एक जाडजूड कादंबरी हाती घेतली होती. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावातली शाळामास्तरीण. तिचा नवरा औषध आणायला म्हणून बाहेर पडतो तो परत येत नाही, आणि सासरचे तिला घराबाहेर काढायच्या मागे लागतात. सासूबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आवक-जावकला एक बाई बदलून आलीय. तिचा नवरा बेपत्ता आहे."

त्यांनी पाय खाली सोडले. "म्हंजे? गेलो खंय?"

झालं. दुसऱ्या दिवशी मी पुढची पंचवीस पानं वाचली आणि घरी येऊन त्यातलं जमेल तेवढं ऑफिसात बसवून सांगितलं. शाळेचं ऑफिस केलं, वाड्याची खोली केली, नणंद होती तशीच ठेवली. सासूबाई त्या नणंदेला अशा शिव्या घालायच्या की मला हसू आवरायचं नाही. डब्यात तांदळाचे दोन घावणे जास्त घालून त्या बाईला दे, असं मला बजावायच्या. ते घावणे मी खायचे. खरं बोलायचं तर ते दोन महिने आमच्या घरात फार बरे गेले. जेवढं त्यांचं देणं लागत होते तेवढं कथेतून फेडतेय, असंही मला वाटायचं. पुस्तकातलं आहे हे सांगायला काय हरकत होती, असं कोणी विचारेल. पुस्तक म्हटलं की कधी वाचलंस हे आलं. आणि खोटं आहे म्हटल्यावर त्यांनी ऐकलंच नसतं.

त्या मंगळवारी पुस्तकाची साठ पानं उरली होती. ती संपवायला मी नेहमीपेक्षा आणखी पाऊण तास बसले, तरी संपली नाहीत. काउंटरवर बिल्ला दिला, मोबाईल चालू केला, तर त्यावर नवऱ्याचे अकरा फोन येऊन गेल्याचे मेसेज आणि समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचे चार. लावला तर नवरा म्हणाला, "आई पडली. परळच्या हॉस्पिटलात आणलंय. तू कुठे आहेस?"

"ऑफिसात," मी म्हटलं.

"ऑफिसात लावला होता मी फोन," तो म्हणाला आणि ठेवून दिला.

खुब्याचं हाड मोडलं होतं. समोरच्या बाईंना दारापलीकडून कण्हणं ऐकू आलं, पण दाराला लॅच लागलेलं. वॉचमनने किल्लीवाला आणेपर्यंत अर्धा तास गेला. नवऱ्याने वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर मला सगळं विचारून घेतलं. मी वाचनालयाचं सांगितलं. रोज? रोज. किती वर्षं? सहा. दुसऱ्या दिवशी दादरला जाऊन काउंटरवर चौकशी करून आला, माझ्या सहीचं रजिस्टरही बघितलं. आल्यावर एवढंच म्हणाला, "दुसरं काही असतं ना, तर निदान मला समजलं तरी असतं."

मला त्याचा राग आला नाही. मी त्याच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी सासूबाई नीट बोलायला लागल्या आणि पहिलं काय विचारलं तर, "तिचो घोव इलो काय गे?"

घोव म्हणजे नवरा. आवक-जावकच्या बाईचा. मी म्हटलं, "आई, ते राहू दे. तुम्ही उठलात कशाला? काय हवं होतं?"

"तिच्यासाठी गाऱ्हाणा घालूक उठलंय. पाटार चडलंय, पाय सरकलो."

मला आधी कळेना, संध्याकाळचा दिवा मावशी लावून जातात असंच मी समजत होते. मग त्यांनी दम खात खात सांगितलं. आमच्या नव्या घरात देव्हारा सुताराने भिंतीवर उंच ठोकलाय. रोज तिन्हीसांजेला मावशी गेल्या की त्या भिंत धरत धरत तिथवर जायच्या, पाटावर चढून दिवा लावायच्या आणि गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायच्या, म्हणजे तोंडाने त्याच्यापुढे फिर्याद मांडायच्या. बा देवा म्हाराजा, ह्या बायेचो घोव घराक आण. गावी गाऱ्हाणं गावकर घालतात, म्हणजे गावचे मानकरी, बाप्ये लोक. पण चौदाव्या मजल्यावर त्यांना अडवणार कोण होतं? दोन महिने, रोज. मी त्या वेळी खिडकीपाशी बसून पुढची पंचवीस पानं वाचत होते.

"तू येयसर मी एकटीच असतंय," त्या म्हणाल्या. "म्हटला, तेवढा तरी करूया."

तेव्हा सांगून टाकायला हवं होतं, की आई, अशी बाईच नाही. तोंडापर्यंत आलंही. त्या माझ्याकडे इतक्या आशेने बघत होत्या की मी म्हटलं, "आला. परवाच परत आला."

त्यांनी डोळे मिटले. हसल्या की काय ते नाकातल्या नळीमुळे कळलं नाही. मग म्हणाल्या, "मगे नारळ देवक होयो. बोललंय मी. इसरू नको." संध्याकाळी नवरा आला तेव्हा त्यांनी त्यालाही तेच सांगितलं.

पुढे छातीत कफ झाला आणि अकराव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

दिवस सुरू असताना नवऱ्याने विचारलं, "ऑफिसातल्या त्या बाईला कळवलंस का? आई शेवटपर्यंत तिचंच काढत होती." मी म्हटलं, कळवलं. "तेराव्याला जेवायला बोलाव तिला." मी म्हटलं, तिची बदली झाली. इतकं भराभर मला कधीच खोटं बोलता आलं नव्हतं. तेराव्याला पानावर घावणे वाढले होते, ते माझ्याच्याने गिळवले नाहीत.

महिन्याभराने मी एकदाच वाचनालयात गेले. उरलेली पानं उभ्यानेच वाचली. कादंबरीतला नवरा येत नाही. बाई घराला कुलूप लावते, किल्ली नणंदेच्या हातात देते आणि एसटीत बसते. शेवट चांगला होता, खोटं कशाला बोलू. मी पुस्तक टेबलावर ठेवलं, बिल्ला देऊन मोबाईल घेतला आणि बाहेर आले. सभासदत्व अजून आहे, पण त्यानंतर तिकडे फिरकलेले नाही.

हल्ली मी सहाला घरी असते. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली, नवऱ्याला यायला साडेआठ होतात. हाक मारायला कोणी नाही. अडीच तास मिळतात, कधी जास्तच. पुस्तक उघडते आणि दाराकडे बघत बसते. दोन पानं वाचली की वाटतं आता कोणाला तरी सांगावं, आणि मग पुढचं वाचवत नाही.

गेल्या आठवड्यात नवरा गावी गेला. आईने बोललेला नारळ राहून जायला नको, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. मी नको म्हणू शकले नाही. काय सांगून नको म्हणणार? संध्याकाळी त्याचा देवळातून फोन आला. मागे घंटा वाजत होती, माणसं बोलत होती.

"अगं, गावकर विचारतायत, नारळ कोणाच्या नावाने ठेवायचा? त्या बाईचं नाव काय?"

बाईला मी कधी नाव दिलं नव्हतं, सासूबाईंनी मागितलंही नव्हतं. कादंबरीतलं नाव जिभेवर येईना. तो म्हणाला, "लवकर सांग, सगळे खोळंबलेत."

मी माझं माहेरचं नाव सांगितलं. लग्नाच्या पत्रिकेत ते त्याच्या नावाशेजारी छापलं होतं.

मला वाटलं, आता आठवेल. "पुन्हा सांग," तो म्हणाला, आवाज नीट येत नव्हता म्हणून. मी पुन्हा सांगितलं. मग त्याने ते नाव कोणा परक्या बाईचं असावं तसं गावकरांना मोठ्याने सांगितलं, आणि गावकरांनी गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, ह्या बायेचो घोव तिच्या घराक परत इलो, म्हणान तुझ्या पायाकडे ह्यो नारळ ठेवलेलो असा, तो मान्य करून घे. मागून सगळे मिळून म्हणाले, व्हय म्हाराजा. त्यात नवऱ्याचाही आवाज होता. मग फोन कट झाला, आणि मी उठून पाटावर चढले आणि दिवा लावला.