तानूबाईच्या गोधडीतला घास

नोव्हेंबर सरता सरता कतारमधल्या अल खोरच्या घरातला एसी बंद झाला आणि घर एकदम मुकं झालं. जालिंदरला त्या मुकेपणाची धास्तीच बसली. लेक शिवराज उजाडायच्या आत कंपनीच्या बसनं प्लांटवर जायचा. मग बाहेर धुकं, नाहीतर धुळीचं मळभ, आणि पावणेपाचला दिवस खलास. बायको तानूबाई भाद्रपदात गेली, म्हणून लेकानं म्हाताऱ्याला इथं आणलं. गावी एकटे काय करणार, म्हणाला. इथं काय करणार, हे कुणी विचारलं नाही.

मग जालिंदरनं दिवस वाटून घेतला. सकाळी गावाकडून आणलेलं गोष्टींचं जाडं पुस्तक, शब्दाशब्दावर बोट ठेवून. दुपारी गोधडी. समोर सून बबीता फोनमध्ये बघत लोकरीचं टोपडं विणायची. माघात तिला बाळ होणार होतं. टोपडं तीनदा उसवलं, आणि चौथ्यांदा झालं ते नारळाला बसेल एवढं.

गोधडी त्याच बाळाची. तानूबाईनं कडेपासून आत आत फेरे घालत आणलेली. मधला ताटाएवढा भाग राहिला आणि ती गेली. तेवढा जालिंदर पुरा करत होता. आता या गड्याची हयात गेली बाजार समितीत, दाभणानं पोत्यांची तोंडं शिवण्यात. एकदा तर त्यानं पोत्यासंगं स्वतःचं धोतरच शिवलं, आणि हमालानं पोतं उचललं तसा हा मागनं फरफटत वजनकाट्यापर्यंत गेला. ही गोष्ट तो बबीताला रोज सांगायचा आणि ती रोज हसायची. त्याच्या शिवणीला तानूबाई म्हणायची, "तुमचा टाका म्हंजी एसटीचा थांबा. एक हितं, दुसरा पुढच्या गावात."

व्हिसाची मुदत सरत आली होती, सोमवारी जालिंदरचं परतीचं विमान होतं. शनिवारी दुपारी त्यानं शेवटची गाठ मारली. तिचं काम तिच्यासारखंच राहावं, तिचा एक टाका हलू नये, एवढीच त्याची धडपड होती. गोधडी अंथरून त्यानं कडेकडेनं हात फिरवला. चारही कोपरे दाबून बघितले. हात तिथंच थांबला.

घास नव्हता. त्यांच्याकडं गोधडीचं पोट रिकामं ठेवत नाहीत. पहिला कोपरा शिवतानाच आत भाकरीचा वाळका तुकडा घालतात. घराघरांत गोधड्या शिवून दिलेली तानूबाई हे कधी विसरली नव्हती.

बबीता म्हणाली, "मधी घाला की आबा. तुमचेच टाके उसवा."

"मधी पोराच्या पाठीला टोचंल. कोपऱ्यातच घालत्यात."

आषाढातली ती दुपार त्याला आठवली. याच गोधडीचा पहिला कोपरा हातात धरलेली तानूबाई म्हणाली होती, डोळ्यापुढं अंधारी येती. आणि तो बाहेर कट्ट्यावर पाचजणांना धोतराची गोष्ट सांगत होता. येतो म्हणाला, आणि गोष्ट पुरी करूनच उठला.

"तवाच तिचं काय ठिकाणावर नव्हतं," तो म्हणाला. "मला दिसलं न्हाई."

बबीतानं सुया खाली ठेवल्या. भाकरी आहे का, असं त्यानं विचारलं. पीठ संपलेलं. बकाल्यातून, खालच्या किराणा दुकानातून, आणलेला खुबूस होता, इथली अरबी रोटी, सकाळचा, कडक झालेला. त्यानं त्याचा नखाएवढा तुकडा मोडला, मग सुईच्या टोकानं तानूबाईचे टाके एकेक करून उचलले. अकरा. दोरा कुठं तुटू दिला नाही. तुकडा आत सारला आणि तेवढी जागा शिवली. जमेल तितकं बारीक शिवलं, तरी अकराच्या जागी चारच बसले.

उसवलेला दोरा त्यानं पुस्तकात खुणेला ठेवला.

बाहेर अंधारलं. बबीतानं दिवा लावला, चहा दिला आणि, काहीतरी बोलायचं म्हणून, धोतराची गोष्ट सांगा म्हणाली.

"आज नको, बाई," जालिंदर म्हणाला, आणि गोधडीची घडी घालू लागला.