चौदाशे बेचाळीस फेरे

महिपतरावांचे पणजोबा तलवार घेऊन दख्खनहून ग्वाल्हेरला आले. महिपतराव पाना घेऊन पंपघरात जात. घराण्याची प्रगती म्हणायची ती एवढीच.

मोटर खाली तळघरात, आणि महिपतराव वर, मीटरसमोर खुर्ची टाकून. मिनिटाचे फेरे मोजायला ते कधी खाली उतरले नाहीत. त्यांचं म्हणणं, या मोटरची जातच अशी, कितीही पळाली तरी विजेच्या थोडी मागेच राहते. ओझं वाढलं की आणखी मागे पडते आणि वीज जास्त ओढते. मग काट्याकडे बघावं अन् फेरे सांगावेत. त्यात काय मोठंसं!

छप्पन्न साली मध्यभारत नव्या राज्यात विरघळला, राजधानी भोपाळला गेली आणि बदल्यांच्या याद्या निघाल्या. महिपतरावांच्या पत्नीची, सुलोचनाबाईंची, दृष्टी जाऊन आठ वर्षं झाली होती. दाना ओलीची, त्यांच्या गल्लीची, पायरी न् पायरी बाईंच्या पायांना पाठ होती. भोपाळात त्यांना नळापर्यंत कोण नेणार? एकच आशा होती: ज्याच्यावाचून यंत्र अडतं, त्याला हलवायचं नाही, असं वरून ठरलं होतं.

"अहो, हात दाखवून अवलक्षण नको," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"अगं, आता नाही दाखवायचा तर केव्हा?"

तपासणीचे साहेब आले. महिपतरावांनी काट्याकडे पाहून सांगितलं, "चौदाशे बेचाळीस." साहेबांनी खाली जाऊन फेरे मोजायचं यंत्र लावलं. दोनाचा फरक. मग पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करवून मोटरचं ओझं हलकं केलं. "चौदाशे सत्तर!" वरून आवाज आला. तेही बरोबर.

"कमाल है, महिपतरावजी!" साहेब मनापासून म्हणाले. महिपतराव पेढे घेऊन घरी गेले.

दहा दिवसांनी हुकूम आला. बाईंसाठी त्यांनी तो मोठ्यानं वाचला: "सदर कर्मचारी मोटरजवळ न जाता तिची गती अचूक सांगतो. सबब त्याने मोटरजवळ असण्याची आवश्यकता दिसत नाही. भोपाळ येथे रुजू व्हावे."

साहेबांच्या तर्कात खोट काढायला जागा नव्हती.

"मोटरचं तुम्हाला लांबून कळतं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी इथंच राहिले तर माझं कळेल?"

महिपतरावांना रडू फुटलं. आवाज मात्र त्यांनी जराही होऊ दिला नाही.

बाईंनी पदराचं टोक त्यांच्यापुढे धरलं. "पुसा," म्हणाल्या.